तूसवाली

नळ पूर्ण उघडा होता आणि खाली एक थेंब पडत नव्हता.

आम्ही तिघं त्या नळासमोर उकिडवे बसलो होतो. मधे आमचे मालक देवस्थळे साहेब, त्यांच्या डावीकडे फोरमन सिद्राम म्हेत्रे आणि उजवीकडे मी. रविवारची सकाळ, साडेदहाचा सुमार, साहेबांच्या बंगल्याची गच्ची आणि सोलापूरचं मार्चमधलं ऊन. साहेबांनी नळाखाली स्वतःच्या हातानं काचेचा ग्लास धरला होता. पहिली धार आपल्याच ग्लासात पडली पाहिजे म्हणून. पंधरा मिनिटं झाली तरी ग्लास कोरडा होता आणि साहेबांनी दोनदा हात बदलला होता.

"जाधव, नळ उलटा बसवलायस का?"

"ह्या नळाला उलटं-सुलटं नसतं, साहेब."

"मग?"

"आत अडकलंय."

"काय अडकलंय?"

"सगळंच."

म्हेत्रे उठला, त्यानं टाकीचं झाकण काढलं आणि आत वाकून बघितलं. आतून गोडसर वाफ आली. त्यानं लाकडी उलथनं बुडवलं आणि सोडून दिलं. उलथनं उभंच राहिलं.

"साहेब, ही आंबील झाली," म्हेत्रे म्हणाला. "ताक आणि ठेचलेला लसूण घातला तर पन्नास माणूस जेवंल."

"म्हेत्रे, गप्प बस."

"मी आपलं वाया जाऊ नये म्हणून म्हटलं."

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. आमची कंपनी दुधाच्या टाक्या करायची. दूध संघांच्या, डेअऱ्यांच्या, आतून आरशासारख्या गुळगुळीत टाक्या. साहेब एका प्रदर्शनाला डेन्मार्कला गेले आणि तिथं लार्सन नावाच्या माणसाशी त्यांची ओळख झाली. लार्सन मोठ्या डेअरी कंपनीचा खरेदीवाला. त्यानं साहेबांना घरी जेवायला नेलं आणि आपल्या गॅरेजमध्ये स्वतः केलेली बिअर पाजली. दाण्यापासून, सगळी घरची. साहेबांना ती चढली असावी. ते म्हणाले, मीसुद्धा घरी करतो. सगळं सामान आमच्याच शॉपमध्ये बनवलंय.

लार्सन म्हणाला, मग मी भारतात आलो की तुझ्याकडेच पिणार.

आणि तो निघाला होता यायला. त्या रविवारपासून बरोबर चार आठवड्यांनी. आमचं वेल्डिंग बघून टाक्यांची ऑर्डर द्यायची की नाही ते ठरवणार होता. साहेबांनी आयुष्यात चहासुद्धा स्वतः केला नव्हता. त्यांच्या एका खोट्यापायी आम्ही दीड महिना स्टेनलेस स्टील कापत होतो.

सामान मात्र असं झालं होतं की मी आजही मान वर करून सांगतो. ऐंशी लिटरच्या तीन टाक्या, लोखंडी स्टँडवर तीन पायऱ्यांनी मांडलेल्या. वरच्या टाकीत गरम पाणी, मधलीत भरडलेला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, आणि खालचीत त्याचा गाळलेला रस उकळायचा. मधल्या टाकीला तळावर आणखी एक जाळीचा तळ. रस खाली उतरावा आणि चोथा वर राहावा म्हणून मी त्याला मिलीमीटरभर रुंदीच्या चारशे फटी पाडल्या होत्या. उकळलेला रस झटक्यात थंड करायला तांब्याच्या नळीचं वेटोळं. ते वेटोळं आधी म्हेत्रेनं वळवायला घेतलं. तीन नळ्या चेपून टाकल्या त्यानं. मी चौथी घेतली, तिच्यात बारीक कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडं बुचानं बंद केली आणि गॅस सिलेंडरभोवती गुंडाळली. एक सुरकुती नाही.

"कुठं शिकलास रे हे?" साहेबांनी विचारलं होतं.

"गॅरेजमध्ये, साहेब."

गॅरेज कसलं डोंबलाचं. मला हे माझ्या मायनं शिकवलं होतं, सात वर्षांचा असताना. तिला अशी नळी दर दोन-तीन महिन्यांनी नवी लागायची, कारण जुनी पोलीस घेऊन जायचे.

आता सांगूनच टाकतो. आमच्या वस्तीला तारेची वस्ती म्हणतात. इंग्रजांच्या काळात आमच्या जातीच्या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवायचे आणि दिवसातून दोनदा हजेरी घ्यायचे. इंग्रज गेले, तार गेली, नाव राहिलं. शहरात कुठंही चोरी झाली की पहिली गाडी आमच्याकडे. वस्तीतल्या बाया दारू गाळायच्या, माझी मायही गाळायची, कारण दुसरं काम कोणी देत नव्हतं. मडकी फोडताना पोलीस दर खेपेला एकच विचारायचे, "परवाना दाखव!" आणि आपसात हसायचे. मी लहान होतो. मला वाटायचं परवाना म्हणजे काहीतरी खायची वस्तू असणार, आमच्या घरी कधीच नसते म्हणून.

आधीच्या कंपनीत मी खरा पत्ता दिला होता. चौथ्या दिवशी कुणाची तरी पितळी वजनं हरवली, आणि सापडायच्या आत मी गेटबाहेर होतो. वजनं नंतर त्यांच्याच टेबलाखाली सापडली. मला कोणी परत बोलावलं नाही. म्हणून इथं अर्जावर मावशीचा विजापूर रोडचा पत्ता टाकला. आडनाव जाधव. जाधव कोणीही असू शकतो, हे एक बरं आहे. तीन वर्षं तसाच होतो, टेंपररी. साहेब म्हणाले होते, "ही बिअर लार्सनच्या ग्लासात पडली की दुसऱ्या दिवशी तू कायम." आणि मला कायम व्हायचं होतं, इतकं की आता सांगायलाही लाज वाटते.

काम चालू असताना म्हेत्रेनं एकदा साहेबांना विचारलं होतं, "म्हणजे साहेब, ही हातभट्टीच म्हणायची ना?"

साहेब भडकले. "म्हेत्रे, हातभट्टी गुन्हेगार लोक लावतात. हे क्राफ्ट आहे."

मी तेव्हा वेल्डिंग करत होतो. वेल्डिंगच्या मुखवट्याचा एक फायदा असतो. आत तोंड कसंही करता येतं.

तर, नळ कोरडा होता.

"माल्ट तर बरोबर आणलाय," साहेब मोबाईलमध्ये बघत म्हणाले. "दहा किलो. पाणी बरोबर. सदुसष्ट डिग्री, एक तास. पुस्तकात लिहिलंय, दाणा फक्त फुटला पाहिजे, साल शाबूत राहिली पाहिजे. सालीचीच गाळणी होते."

मी उलथन्यावरचं थोडं बोटांवर घेऊन चोळलं. साल नव्हतीच. पीठ होतं. पुरणपोळीला चालेल असं.

"साहेब, भरडला कुठं?"

"गिरणीत. हिनं पाठवला होता."

मॅडम गच्चीच्या दुसऱ्या टोकाला कुरडया वाळत घालत होत्या. ओल्या कापडावर ओळीनं शंभरेक पांढऱ्या कुरडया. त्यांनी तिथूनच सांगितलं, "मी काही केलं नाही हं. नेहमीच्या डब्यात घालून पाठवला."

"चिठ्ठी लावली होतीस? जाडं भरडा म्हणून?"

"चिठ्ठी कशाला? गिरणीवाले काका डब्यावरून ओळखतात. आपला निळ्या झाकणाचा डबा दिसला की काही सांगावं लागत नाही, बारीकच दळतात. वीस वर्षं झाली."

साहेबांनी कपाळाला हात लावला. डेन्मार्कहून शिकून आलेलं सगळं शास्त्र निळ्या झाकणाच्या डब्यापाशी येऊन आपटलं होतं.

"दुसरा माल्ट मागवू या, साहेब," मी म्हणालो.

"हरियाणातून येतो. दहा दिवस. मग आंबायला तीन आठवडे. लार्सनला काय पाजू, उसाचा रस?"

म्हेत्रे मात्र विचारात पडला होता. म्हेत्रे विचारात पडला की शॉपमधली माणसं लांब उभी राहायची.

"साहेब, जाळी चोंदलीय ना? मग खालून हवा मारू. खाली गाडीत काँप्रेसर हाय."

"किती प्रेशर?"

"हळूच मारू."

मी म्हणालो, "नको." साहेब म्हणाले, "मार." मालक ते होते.

म्हेत्रेनं पाईप वर आणला, नळाला जोडला, "हळूच हं" असं स्वतःलाच सांगितलं आणि कॉक फिरवला. आधी काही झालं नाही. साहेब बघायला वाकले. मग टाकीच्या पोटातून एक आवाज आला, जेवून उठलेल्या पैलवानाच्या ढेकरासारखा, आणि चार-पाच किलो आंबील सरळ वर गेली.

वर गेलेलं खाली आलं तेव्हा साहेबांचा चष्मा दिसत नव्हता. चष्म्याखालचे साहेबही फारसे दिसत नव्हते. म्हेत्रेच्या टकलावर एक गोळा बसला होता आणि तो अजून कॉक धरून उभा होता. गरम होतं, पण वर जाऊन खाली येईतो भाजण्याइतकं राहिलं नव्हतं. शेजारच्या गच्चीवरचा कुत्रा उडी मारून आला आणि खायला लागला.

"माझ्या कुरडया!" मॅडम किंचाळल्या.

पांढऱ्या कुरडयांवर तपकिरी शिंतोडे, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ह्या कुरडया मी ताईंना अमेरिकेला पाठवणार होते! पहाटेपासून चीक घोटतेय मी!"

"वैदेही, इथं ऑर्डर जायची वेळ आलीय आणि तुला कुरडया..."

"तुमची ऑर्डर गेली खड्ड्यात! आणि ती माझी दुलई काढा त्याच्यावरून!"

टाकी गरम राहावी म्हणून साहेबांनी तिच्याभोवती मॅडमची माहेरची दुलई गुंडाळली होती. तीही आता रंगली होती.

मी पाण्याच्या टाकीमागे गेलो. काय करायचं ते मला माहीत होतं. म्हणजे असं काहीतरी असतं एवढं माहीत होतं. देवीच्या सणाला आमच्याकडे नाचणीला मोड आणून पेय करतात, गाळीव दारू नव्हे, देवीचं. ते टोपलीतून गाळताना आज्जी त्यात काहीतरी घालायची. काय आणि कसं, ते मायलाच ठाऊक. फोन लावला. आमच्या भाषेत बोललो, दबक्या आवाजात.

"माय, दाणा फार बारीक दळला गेलाय. गाळत नाही. काय घालतात?"

"कुठल्या दाण्याचं?"

"जव."

"कोण करायलंय?"

"आमचे साहेब."

पलीकडे माय हसायला लागली. इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"साहेब गाळायलाय?"

"गाळत नाही, माय. बिअर आहे. हसू नको. माझी नोकरी आहे ह्याच्यात."

"घरात करायलाय?"

"गच्चीवर."

"पोलीस येणार नाहीत?"

"नाही."

"का?"

मी म्हणालो, "माय, काय घालू ते सांग."

"तूस. भाताचं. दोन पाट्या."

"तूस कुठून आणू रविवारचा?"

"माझ्याकडं हाय की." खरंच होतं. गुडघे गेल्यापासून मायनं भट्टी सोडली होती. कायद्यानं नाही सोडली, गुडघ्यांनी. आता अंडी विकायची, आणि फुटू नयेत म्हणून पाट्यांत चुरमुऱ्याच्या भट्टीवरून आणलेलं तूस घालायची. "घेऊन येते."

"तू येऊ नको. मी येतो न्यायला."

"तुला जमायचं नाही. ते घालायचं कसं ते हातानं कळतं. पत्ता सांग."

"माय, इथं कुणाला माहीत नाही मी कुठला ते."

"मी काय पाटी गळ्यात घालून यायलेय? पत्ता सांग."

सांगितला. गच्चीत येऊन म्हणालो, "साहेब, एक तूसवाली ओळखीची आहे. तुसानं गाळणी होते म्हणतात."

साहेब चष्मा पुसत होते. म्हणाले, "राईस हस्क! पुस्तकात आहे! जाधव, तुला कसं माहीत?"

"ऐकलं होतं कुठंतरी."

पाऊण तासानं रिक्षा आली. माय उतरली, नऊवारी खोचलेली, डोक्यावर तुसाचं पोतं. जिना चढताना प्रत्येक पायरीला गुडघ्याला एक शिवी देत वर आली. मॅडमनी विचारलं, "कोण हो तुम्ही?"

मी पुढं झालो. साठीला टेकलेली माझी माय समोर उभी होती, घामानं भिजलेली, आणि मी मॅडमना सांगितलं, "ही तूस विकणारी बाई आहे, मॅडम."

माय माझ्याकडे बघतही नव्हती. डोळ्याची पापणी हलली नाही तिची.

"व्हय, बाईसाहेब," ती म्हणाली. "मी तूसवाली. कुठाय पातेलं?" आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ओ मिस्त्री, पोतं उतरवा की. बघत काय उभं राहिलाव?"

जन्मात पहिल्यांदा मायनं मला अहोजाहो केलं. मी पोतं उतरवलं.

मग तिनं गच्ची ताब्यात घेतली. आधी टाकीत डोकावली, बोटानं चाखलं, थुंकली. "गोड आलंय. वाया गेलं नाही. कढत पाणी आणा. तूस धुऊन घ्यायचं, नाहीतर धुळीची चव लागती."

साहेब स्वतः पाणी आणायला धावले. म्हेत्रे उलथनं घेऊन ढवळायला लागला तशी माय ओरडली, "ए टकल्या, ठेव ते! मी सांगितल्याबिगर हात लावायचा नाही!"

म्हेत्रेनं ठेवलं. तीस वर्षांच्या नोकरीत फोरमन म्हेत्रेला कोणी टकल्या म्हटलं नव्हतं. त्याला ते आवडलं असावं. तो तिच्या मागं मागं फिरायला लागला.

धुतलेलं तूस तिनं मुठीमुठीनं घातलं. "आता ढवळा. खालनं वर. हळू. दूध नाही तापवायला लागला, साहेब, हळू. बास! आता कुणी हात लावायचा नाही. बसू द्या."

"किती वेळ?" साहेबांनी मोबाईल काढला.

"बसंपर्यंत."

बसेपर्यंत ती सामान बघत फिरली. खालच्या रिकाम्या टाकीत हात घालून तिनं आतल्या जोडावरून बोट फिरवलं, डोळे मिटून, सगळा गोल. कुठं खरखर लागते का बघत होती. लागणार नव्हती. त्या जोडासाठी मी दोन दिवस पाठीचा काटा ढिला केला होता.

"ही शिवण कुणाची?"

"आमच्या जाधवची," साहेब म्हणाले. "ते बघा, जोडापाशी सतरा नंबर ठोकलाय. आमच्याकडे प्रत्येक वेल्डर आपल्या जोडापाशी आपला नंबर ठोकतो. पुढं गळलं तर कुणाचं ते कळतं."

"म्हंजे नाव लपवता येत नाही."

"अजिबात नाही."

"बरं हाय," माय म्हणाली. मग ती तांब्याच्या वेटोळ्यापाशी गेली. त्याच्याकडे मात्र बराच वेळ बघत राहिली. "ही वाळू भरून वळवलीय."

"तुम्हाला कसं कळलं?" साहेब थक्क. "हीसुद्धा जाधवनंच. गॅरेजमध्ये शिकला म्हणे."

"गॅरेजमध्ये." मायनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मिस्त्री, त्या गॅरेजवाल्याला माझा नमस्कार सांगा."

म्हेत्रेला खोकला आला.

पंचवीस मिनिटांनी मायनं नळ हाताच्या दोन बोटांनी उघडला, अगदी केसभर. साहेबांनी ग्लास धरला. आधी एक थेंब, मग दुसरा, मग दोऱ्यासारखी धार. साहेब लहान मुलासारखे ओरडले. मायनं ग्लास त्यांच्या हातातून काढून घेतला आणि परत टाकीत ओतला.

"अहो!"

"पहिलं गढूळ असतंय. ते परत वर घालायचं. दहा-बारा डाव घाला. मग बघा."

बाराव्या खेपेला रस आला तो उन्हात धरला तर पलीकडचा माणूस दिसावा असा, मधाच्या रंगाचा. मॅडमसुद्धा कुरडया सोडून बघायला आल्या.

"आजी, तुम्हाला हे सगळं कसं येतं?" साहेबांनी विचारलं.

माय पोतं झटकत होती.

"साहेब, मी तूसवाली. तुसाचं मला कळणार नाही तर कुणाला कळंल?"

साहेब पैसे द्यायला लागले. तिनं घेतले नाहीत. शिंतोडे उडालेल्या कुरडया तेवढ्या मागून घेतल्या. "तळल्या की गोड लागतील," म्हणाली, आणि गुडघ्याला शिव्या देत जिना उतरून गेली. मी तिला रिक्षापर्यंतही सोडायला गेलो नाही. तूसवालीला सोडायला कोण जातं?

घरी गेलो तर ताटात कुरडया होत्या. "बसा, मिस्त्री," माय म्हणाली. "जेवा." भांडली असती तर बरं झालं असतं. चार आठवडे ती मला मिस्त्रीच म्हणत होती.

लार्सन आला तो रविवार दुपारचा. सहा फुटी, लालभडक, उन्हानं निम्मा शिजलेला. त्यानं पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि साहेबांच्या पाठीवर अशी थाप मारली की साहेब खुर्चीला धरून उभे राहिले. मग तो गुडघ्यांवर बसला, खिशातून बॅटरी काढली आणि टाकीच्या आत डोकं घातलं. त्यानंही जोडावरून बोट फिरवलं, डोळे मिटून, अगदी तसंच. बाहेर येऊन म्हणाला, हा सतरा नंबर कोण आहे? मला त्याला भेटायचंय.

मग त्यानं विचारलं, इतकं स्वच्छ कसं गाळलं?

साहेब म्हणाले, "भाताच्या तुसानं. आमच्या घराण्यातली जुनी पद्धत आहे ती."

इंग्रजी मला फार येत नाही. एवढं आलं. देवस्थळ्यांचं घराणं! पाच पिढ्या सत्यनारायण घालणारे लोक. बायांची मडकी फोडताना ती आमची, आणि पाहुण्यानं वाहवा केली की ह्यांच्या घराण्याची. माझ्या कानात गरम शिसं ओतल्यासारखं झालं.

साहेब मला आतल्या खोलीत घेऊन गेले. म्हेत्रे कागद घेऊन उभा होता. कायम नेमणुकीचं पत्र, टाईप केलेलं. "अभिनंदन, जाधव. सही कर आणि पटकन बाहेर चल, तो थांबलाय."

मी वाचलं. नाव बरोबर. पत्ता, विजापूर रोड. मी पेन घेतलं, तो पत्ता खोडला आणि वर लिहिलं, तारेची वस्ती, घर नंबर बेचाळीस.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"मी राहतो तिथं. आणि ती तूसवाली माझी माय आहे. ती पद्धत आमच्या घराण्यातली आहे, साहेब. तुमच्या नाही."

साहेबांचा चेहरा त्या दिवशी आंबील उडाल्यावर झाला होता तसा झाला, फक्त आता चष्मा स्वच्छ होता.

म्हेत्रे म्हणाला, "तरीच म्हटलं, नाक तेच हाय."

"तीन वर्षं तू मला खोटा पत्ता दिलास?"

"तुम्ही लार्सनला काय दिलंत, साहेब?"

साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, मला काही नाही रे. पण कागदावर जुनाच राहू दे. लोक आहेत, ऑडिट असतं. कशाला उगाच? दुसरं पत्र टाईप करून देतो."

"नको. ह्याच्यावर सही करा, नाहीतर राहू द्या."

तेवढ्यात बाहेरून लार्सनचा भोंग्यासारखा आवाज आला, "मिस्टर सेव्हेंटीन! मिस्टर सेव्हेंटीन!"

साहेबांनी दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सही केली. इतकी घाईत की निब कागदातून आरपार गेलं.

ऑर्डर मिळाली. सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. पुढच्या महिन्यात लार्सनचे तिघं इंजिनिअर येणार होते. दुप्पट बिअर लागणार होती. "आजींना विचार ना," ते म्हणाले, एकदम गोड आवाजात. "दर रविवारी आल्या तर बरं होईल. गाडी पाठवतो. मान-पान सगळं करू. क्राफ्ट शिकवायचं म्हणावं."

संध्याकाळी घरी आलो. माय दारात बसून पाटीत अंडी लावत होती. मी तिच्यापुढं नेमणुकीचं पत्र धरलं. तिला वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवून पत्ता वाचून दाखवला. तिनं पदराला हात पुसले आणि खोडलेल्या ओळीवरून बोट फिरवलं.

"गळंल का कुठं?" तिनं विचारलं.

"नाही गळणार."

"मग बस. जेवलास का, चंदर?"

जेवताना तिला साहेबांचा निरोप सांगितला. गाडी, मान-पान, क्राफ्ट, सगळं. तिनं नीट ऐकून घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला, चावला, गिळला.

"जाते की," ती म्हणाली. "पण त्यांना एक विचार. परवाना काढलाय का?"

"कसला परवाना?"

"असा कसा कसला? परवाना दाखवा म्हणावं. बिनपरवान्याच्या भट्टीवर मी पाय ठेवत नसते. उद्या कुणी मडकी फोडली तर? मी इज्जतदार बाई हाय, बाबा."

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये गेलो आणि साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. मुखवटा न घालता.